पळसाच्या पानांचा माणूस

दर वर्षी पितृपंधरवड्यातली नवमी जवळ आली, की ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमधल्या त्या घरात सासू-सुनेचं थोडं वाजायचंच. मंदाताईंना त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला हवी असायची आणि सुरुचीला ऑफिस असायचं.

"आई, शनिवारी केलं तर नाही का चालणार? तेव्हा हीप्स ऑफ टाइम असेल."

"तिथी काय तुझ्या बॉसला विचारून येते?"

शेवटी सुरुचीच हरायची. न्यू लिनला राहणारी तिची मैत्रीण नीता जेवायच्या सुट्टीत गाडी हाणत यायची, पुरणपोळी खायची, ओटीचे तांदूळ लॅपटॉपच्या बॅगेत कोंबायची आणि जांभया देत पुढच्या मीटिंगला पळायची. मुलगा मकरंद ह्या भानगडीत पडत नसे. आईच्या बाजूने बोललं तर बायको, बायकोच्या बाजूने बोललं तर आई, म्हणून तो त्या दिवशी लवकर कामावर जात असे.

ही अविधवा नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. कपाळावरचं कुंकू घेऊन जी गेली, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. मंदाताईंनी आपल्या आईच्या, म्हणजे आयेच्या नावाने ही नवमी कधी चुकवली नव्हती. पण त्यात एक मेख होती. आये खरोखरच नवऱ्याच्या आधी गेली का, हे जगात कोणालाही ठाऊक नव्हतं. मंदाताईंनाही नव्हतं.

त्यांचे बाबा सखाराम तांडेल मालवणचे, बोटीवर खलाशी. मंदा पाळण्यात होती तेव्हा ते मुंबईहून एका मालवाहू बोटीवर चढले आणि गेले ते गेलेच. जगात लढाई चालू होती, बोटी बुडत होत्या, कोळ्यांच्या गाबितवाड्यात आज ह्या घरात तर उद्या त्या घरात रडं उठत होतं. आयेच्या दारात मात्र ना तार आली ना पत्र. लढाई संपली, इंग्रज गेले, मंदा परकर-पोलक्यात आली, तरी काही नाही.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर तो गेला असं समजावं, असं शास्त्र सांगतं. मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला चितेवर ठेवून अग्नी द्यायचा आणि त्याच्या बायकोने कुंकू पुसायचं. पालाशविधी म्हणतात त्याला. मोठ्या काकाच्या घरात आजारपणं सरत नव्हती. भटजी म्हणाले, भाऊ मधेच लोंबकळतोय, त्याला मोकळा करा. काकाने दिवस ठरवला.

तो दिवस मंदाताईंना आज ऐंशी उलटल्यावरही लख्ख आठवत होता. किनाऱ्यावर लाकडं रचलेली. त्यावर दर्भाने बांधलेला पानांचा माणूस, डोक्याच्या जागी असोला, न सोललेला नारळ. आगबोटीचा दिवस होता, म्हणून शेजारचा भिकू पराडकर ट्रंक घेऊन मुंबईला निघाला होता. काकाने त्यालाही थांबवून पुतळ्याला हात जोडायला लावले आणि मगच तो होडीत बसून आगबोटीकडे गेला. आयेच्या बांगड्या फोडायला चार विधवा बाजूला येऊन बसल्या होत्या. काकाने पायाकडच्या लाकडांना अग्नी दिला, ओल्या लाकडांचा धूर वर चढला, आणि आये उठली.

कोणाला काही कळायच्या आत तिने त्या पानांच्या माणसाला दोन्ही हातांनी उचललं. झोपेतलं मूल उचलावं तसं खांद्याशी धरलं आणि चालू लागली. काका ओरडला, भटजी ओरडले.

"माझो घोव जितो हा काय मेलो हा, ता माका ठावक," आये मागे न बघता म्हणाली. "तुमका लाकडां जाळूची आसत तर जाळा."

लाकडं मग नुसतीच जळत राहिली. आये पुळणीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिने दर्भाची एकेक गाठ सोडवली. मंदा शेजारी बसून बघत होती. पानं ओहोटीबरोबर गेली. नारळ मात्र आयेने घरी आणून परसात लावला. त्याचा माड झाला. सगळा वाडा त्याला बाबांचा माड म्हणायचा, काही जण हसून म्हणायचे.

आयेला त्यानंतर सुख मिळालं असं नाही. तिला सवाष्णींत कोणी धरेना आणि विधवांत ती बसेना. हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या उंबऱ्याला वळसा घालून पुढे जायचं. मंदाच्या लग्नात व्याह्यांनी तिला मांडवात मागे बसवलं. आये मात्र रोज सकाळी आंघोळ झाली की आरशापुढे उभी राहून रुपयाएवढं कुंकू लावायची, वर्षागणिक ते थोडं मोठंच व्हायचं. ती गेली तेव्हा हिरवं लुगडं नेसवायला बायका पुढे येईनात. मंदाताईंनी एकटीनेच नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली आणि 'माझी आये सवाष्ण गेली' असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. म्हणताना आवाज कापला तो दुःखाने की शंकेने, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

एप्रिल महिन्यात माउंट रॉस्किलच्या लायब्ररीत लाल कागदी फुलं लागली. लढाईत कामी आलेल्या सैनिकांच्या आठवणीचा अँझॅक डे जवळ आला की ती लागतातच. दोन्ही महायुद्धांत लढलेल्या सैनिकांचे फोटो एका भिंतीवर लावले होते. मंदाताई शाळामास्तरीण, भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. सुरुची पुस्तकं परत करत होती तोवर त्यांनी चष्मा पुसून पहिल्या फोटोपासून सुरुवात केली.

शेवटून दुसऱ्या फोटोत एक काळासावळा माणूस होता. तिरकी टोपी, छातीवर पदक. खाली लिहिलं होतं, सॅम टँडल, खलाशी, जन्म मालवण, हिंदुस्थान. इटलीत एका नदीवर गोळीबार चालू असताना कमरेला दोर बांधून पोहत पलीकडे गेला आणि त्या दोराच्या आधाराने जखमी साथीदारांना एकेक करून परत आणलं. त्या शौर्याबद्दल मिलिटरी मेडल.

मालवण हा शब्द मंदाताईंनी पुन्हा वाचला. मग फोटोसमोरच्या लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीत त्या बसल्या आणि सुरुची आली तरी तिथूनच फोटोकडे बघत होत्या.

"आई, काय झालं? पाणी आणू?"

"वाच," त्या म्हणाल्या. "तू वाच. माझे डोळे खोटं बोलत असतील."

सुरुची पुण्याची, तिला सासूच्या माहेरचं कोणी कधी नीट सांगितलं नव्हतं. घरी परतताना गाडीत मंदाताईंनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. बोट, बारा वर्षं, पानांचा माणूस, माड. सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सुरुचीने घराशी गाडी उभी केली तरी इंजिन बंद केलं नाही, गोष्ट संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

"म्हणजे नवमीचं हे आहे," ती हळूच म्हणाली.

"हे आहे."

फोटो अवोन्डेलच्या रूथ नावाच्या बाईंनी दिला होता. त्या बाई सॅमच्या कोण, हे लायब्ररीतल्या मुलीला माहीत नव्हतं. तिने रूथबाईंना विचारून फोन नंबर दिला, सुरुचीने फोन केला, आणि रविवारी या, असं उत्तर आलं. फोनवर काही विचारू नकोस, असं मंदाताईंनीच बजावलं होतं. इतकी वर्षं थांबलेलं उत्तर फोनवर ऐकायचं म्हणजे काय!

मधले दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. इकडे आड, तिकडे विहीर. तो सैनिक म्हणजे बाबाच, ह्याबद्दल मनात शंका नव्हती. पण तो लढाईत मेला असेल, तर आये उभा जन्म विधवाच होती. मग तिचं कुंकू खोटं, हिरवं लुगडं खोटं, काका खरा, भटजी खरे, मांडवात मागे बसवणारे व्याहीसुद्धा खरे. आणि तो लढाईतून वाचला असेल, तर? तर जिवंत माणूस, चांगला हातपाय शाबूत असलेला, आपल्या बायकोकडे फिरकला नाही. एका पारड्यात आयेचं कुंकू आणि दुसऱ्यात बाबांची माया. दोन्ही एकदम खरं होण्याची सोयच नव्हती. देवापुढे दिवा लावताना काय मागावं हे त्यांना कळेना. एका संध्याकाळी तर त्या चक्क मागून बसल्या, की लढाईतच गेलेला असू दे. मग आयेचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं.

"आई, ऐंशी वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरतेस?" मकरंद म्हणाला.

"तुझ्या आजीला विचार," त्या म्हणाल्या. 

रविवारी सकाळी सुरुचीने गाडी काढली. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नाही, म्हणून आधी अवोन्डेलच्या बाजारात थांबल्या. तारोचे, म्हणजे मोठ्या अळकुड्यांचे ढीग, कोथिंबिरीच्या जुड्या, जुने कपडे, जँडल्स, म्हणजे रबरी सपाता घालून थंडीत हिंडणारी माणसं. एका सामोअन बाईकडे नारळ होते. मंदाताईंनी एकेक उचलून कानाशी हलवून बघितला. आत पाणी किती आहे ते ऐकलं आणि चार बाजूला सारून एक घेतला. ती बाई हसली, म्हणाली, तुला कळतं. मंदाताईंना वाटलं, मला एवढंच कळतं.

रूथचं घर बाजारापासून लांब नव्हतं. सरकारी जुनं लाकडी घर, पुढे गवत, गवतात उपडी घातलेली एक लहान होडी. दार उघडलं ते सत्तरीच्या एका रुंद, उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने. तिच्या चेहऱ्याकडे बघताच मंदाताई थबकल्या. तो रंग, ते ओठ माओरी होते. पण नाक मोठ्या काकाचं होतं. तेच बसकं, नाकपुड्या फुगलेलं, भांडायला सदा तयार असलेलं नाक.

"किया ओरा, किया ओरा, या," म्हणत रूथ पुढे आली. तिच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिने मंदाताईंचा खांदा धरला, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. काकाचं नाक मंदाताईंच्या नाकाला लागलं. मंदाताईंनी डोळे मिटले. आता विचारायचं फार उरलं नव्हतं, पण जे उरलं होतं ते सोपं नव्हतं.

आत भिंतभर फोटो होते. लग्नं, रग्बीचे संघ, पदवीचे काळे झगे, गोरी, सावळी, कुरळ्या केसांची नातवंडं-पतवंडं. रूथने चहा केला. मंदाताई कोचाच्या टोकावर बसल्या, नारळ मांडीवरच राहिला.

"सॅम माझे बाबा," रूथ म्हणाली. "आणि तू कोण आहेस हे मला वाटतं मला कळलंय. पण तू सांग."

मंदाताईंचं इंग्रजी पाचवीच्या वर्गाला शिकवण्यापुरतं. त्यांनी शब्द जुळवले. "माझं नाव मंदा. तुझे बाबा, माझे बाबा."

रूथने कप खाली ठेवला. मग उठून तिने भिंतीवरचा एक फोटो काढून आणला. मगाशी गवतात दिसली तीच होडी, रंग ताजा, शेजारी म्हातारा सॅम आणि होडीच्या कडेवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'मंदा'.

"लहानपणी आम्हाला वाटायचं, बाबांच्या भाषेत होडीला मंदा म्हणत असतील," रूथ म्हणाली. "मोठं झाल्यावर आईने सांगितलं, की ती त्यांची मुलगी. तिकडची."

मंदाताईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग जे विचारायला आल्या होत्या ते विचारलं. "बाबा कधी गेले?"

"एक्याऐंशी साली. हिवाळ्यात. झोपेतच."

आये चौऱ्याहत्तर साली गेली होती.

मंदाताईंना आधी एकदम हलकं वाटलं. खरं होतं! रुपयाएवढं कुंकू, हिरवं लुगडं, ओटी, सगळं खरं होतं. काका खोटा, भटजी खोटे. सवाष्णच गेली माझी आये, वाजतगाजत न्यायला हवी होती तिला! आणि मग त्या आनंदाच्या पाठोपाठच संताप उसळला. एक्याऐंशी! म्हणजे आये आरशापुढे उभी राहत होती तेव्हा हा माणूस इथे होडीला रंग देत होता. घर होतं, बायको होती, मुलं होती. मुलीचं नाव होडीवर लिहायला रंग मिळाला, आणि बायकोला चार ओळी पाठवायला कागद मिळाला नाही?

"का नाही आले?" त्या मराठीतच म्हणाल्या. आवाज चढला होता. "विचार तिला, सुरुची. का नाही आले ते विचार."

सुरुचीने विचारलं. रूथने होडीचा फोटो आपल्याकडे ओढून घेतला.

बोट ऑकलंडला लागली तेव्हा बाबा तापाने फणफणले होते, ती सांगू लागली. बोट त्यांना सोडून गेली. मग भाजीच्या मळ्यात काम केलं, मग सैन्यात गेले. दुसऱ्याकडून लिहून घेतलेली दोन-चार पत्रं लढाईत वाटेतच गहाळ झाली असावीत. लढाईतून परत आले ते पदक घेऊन, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. घरात झोपत नसत. पाण्याचा आवाज आला की थरथरत. नदीवरून ज्यांना आणता आलं नाही त्यांची नावं घेत. कित्येक वर्षं तशी गेली. जरा बरे झाले, तेव्हा घरी जायचं ठरवलं आणि तिकिटाची चौकशी करायला बंदरावर गेले. मुंबईहून एक बोट आली होती. तिच्यावर त्यांच्या गावचा एक माणूस भेटला.

"कोण?" मंदाताईंनी विचारलं.

"बिकू," रूथ म्हणाली. "आई हे नाव नेहमी सांगायची. तो बाबांना बघून किंचाळला म्हणे, भूत बघितल्यासारखा. म्हणाला, तुला तर जाळला. मी निघालो त्याच सकाळी. मी स्वतः हात जोडले, आणि बोटीवरून धूर माझ्या डोळ्यांनी पाहिला."

 सुरुचीने मंदाताईंकडे बघितलं.

"बाबा म्हणायचे, आमच्यात ज्याला एकदा जाळला तो परत येत नाही. आला तर घराला अपशकुन. बायको विधवा झाली, तिचं रडून झालं, तिला पुन्हा कशाला छळायचं. त्यांनी तिकीट काढलंच नाही. पुढच्या वर्षी आईला मागणी घातली, तेव्हा म्हणाले, मी मेलेला माणूस आहे, चालेल का. आई म्हणाली, कामाला उठत असशील तर चालेल." रूथ हसली आणि तिने डोळे पुसले. "आणि जाण्याआधी आईने विचारून ठेवलं होतं, तुमच्यात जाळतात ना. तर म्हणाले, मला एकदा जाळलंय. आता मातीत ठेवा."

भिकू त्या खेपेहून परतलाच नव्हता. वाटेत बोटीवरच तापाने गेला, आणि त्याची आई किती दिवस पुळणीवर बसून रडायची, ते मंदाताईंना आठवलं. भिकू खोटं बोलला नव्हता. धूरही खरा होता. आगबोटीच्या कठड्यावरून त्याला धूर तेवढा दिसला. धुराखालून आपल्या नवऱ्याला उचलून नेणारी बाई त्याला दिसली नाही.

लाकडं जळली होती, नुसती लाकडं. आणि इतक्याशा धुरापायी एक माणूस जगाच्या ह्या टोकाला जिवंतपणी मेला आणि एक बाई त्या टोकाला त्याची वाट बघत बसली. मंदाताईंना वाटलं, आता ओरडावं, रूथला हलवून सांगावं, की अगं, जाळलं नव्हतं! माझ्या आयेने उचललं होतं त्यांना!

"पण आई, तो पुतळा तर..." सुरुची इंग्रजीकडे वळणार तेवढ्यात मंदाताईंनी तिचा हात घट्ट दाबला.

समोर भिंत होती. लग्नं, रग्बीचे संघ, काळे झगे, कुरळ्या केसांची पोरं. ही सगळी त्या धुरातून आली होती. काकाचं नाक घेऊन समोर बसलेली ही सत्तरीची बाई त्याच धुरातून आली होती. तिला काय सांगायचं? तुझ्या बापाने चुकून तुला जन्म दिला, असं?  राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. उरली ती नुसती हुरहुर, त्या दोघांसाठी.

"तिला काय म्हणायचं होतं?" रूथने विचारलं.

"ती विचारतेय, बाबा कुठे आहेत," मंदाताई म्हणाल्या. "मला भेटायचंय."

निघताना रूथने कपाटातून पदक आणून मंदाताईंना लावायला दिलं. चांदीचं, फीत विटलेली. मंदाताईंनी स्वेटरच्या डाव्या बाजूला हात नेला तेव्हा रूथने तो हळूच उजवीकडे सरकवला. ज्याचं पदक तो जिवंतपणी डावीकडे लावतो, ती म्हणाली. तो गेला, की मुलांनी उजवीकडे लावायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं. मंदाताईंना वाटलं, इथेही आहेच की, छातीवर काय कुठे लावलंय त्यावरून कोण जिवंत आणि कोण मेलं ते ठरवायची रीत.

 रूथची गाडी पुढे चालली होती.

"आई," सुरुची सिग्नलला म्हणाली, "ह्या सप्टेंबरला मी रजा टाकते. नवमीलाच करू. नीताला पण सांगते, त्या दिवशी मीटिंग नको ठेवूस."

मंदाताईंनी मांडीवरचा नारळ पिशवीत ठेवला.

दफनभूमी उतारावर होती. वारा होता. सैनिकांचे दगड एका ओळीत, सगळे सारखे. सॅम टँडल, मिलिटरी मेडल. रूथने दगडावर हात ठेवला, आपल्या भाषेत काही म्हणाली, मग बाजूला होऊन मंदाताईंना जागा दिली. सुरुचीने धरून त्यांना गवतात बसवलं.

ह्या माणसाला मंदाताईंनी कधी बघितलं नव्हतं. त्यांना बाबा म्हणजे पानांचा तो माणूस, आयेच्या खांद्याशी धरलेला. त्यांनी पिशवीतून नारळ काढला. सोललेला नारळ, ह्याला कोंब फुटायचा नाही, आणि फुटला तरी इथल्या थंडीत माड जगायचा नाही, हे मालवणच्या माणसाला कोणी सांगायला नको. तरी त्यांनी तो दगडाशी ठेवला. फोडला नाही. मग त्या पुढे वाकल्या आणि कित्येक वर्षांत तोंडाला न आलेली आयेची बोली तोंडात आली.

"बाबा, मी मंदा. तुमका कोणी जाळूक नाय. आयकतास? आयेन तुमका उचलल्यान. भिकून धूर बघल्यान, पण ती लाकडां होती, बाबा. नुसती लाकडां. आयेन तुमच्यो गाठी सोडवल्यान आणि तुमचो माड लावल्यान. ती कुंकू लावनच गेली. मरासर तुमची वाट बघी होती. तुमी येवक होया होतात."

मग त्या रडल्या, ऐंशी वर्षांच्या बाईने रडावं तशा नाही, वाट बघून कंटाळलेल्या पोरीने रडावं तशा. सुरुची पुण्याची खरी, पण तिलाही सगळं कळलं, आणि ती दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

रूथ जवळ येऊन गवतात बसली. तिने विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

सुरुचीने वळून बघितलं. मंदाताईंनी पदराने तोंड पुसलं, उजव्या बाजूचं पदक सारखं केलं आणि रूथचा हात आपल्या हातात घेतला.

"सांगितलं, की घरचा माड चांगला धरतोय," त्या आपल्या पाचवीच्या इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या. "नारळ भरपूर आहेत. तुझ्या पोरांनाही पुरतील."

रूथ हसली. दगडाकडे बघत म्हणाली, "मग? काही बोलले का ते?"

"छे," मंदाताई म्हणाल्या. "त्यांचं उत्तर यायला फार वेळ लागतो. आमच्या घराला वाट बघायची सवय आहे."